कंसाबाहेरचा वजा

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या नावातच एक बेरीज आहे. मधले अधिकचे चिन्ह कुणी लिहीत नाही, एवढेच. १८०३ साली इंग्रजांनी इथे दौलतराव शिंद्यांशी तह केला तेव्हा कागदावर सुर्जी आधी आली आणि अंजनगाव मागून. आज तालुक्याच्या नावात अंजनगाव पुढे सरकले आणि सुर्जी मागे गेली. गाव आहे तिथेच आहे. बेरजेत पदांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही, हा नियम एका अख्ख्या तालुक्याने सव्वादोनशे वर्षे पाळला आहे.

खरी गंमत त्या तहातल्या वजाबाकीत होती. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ तारखेला देवगावला नागपूरकर भोसल्यांनी तह केला. मग ३० डिसेंबरला पाळी शिंद्यांची. जनरल आर्थर वेलस्लीने मांडलेले उदाहरण साधारण असे होते: शिंद्यांचे राज्य वजा कंसात गंगा-यमुनेचा दोआब अधिक भडोच अधिक अहमदनगरचा किल्ला आणि त्याखालचा मुलूख, कंस पुरा. कंसाबाहेरच्या एका वजाने आतले सगळे गेले. वेलस्लीने नववीतल्या पोरासारखा वजा फक्त पहिल्या पदाला लावून बाकीची पदे तशीच सोडली असती, तर दोआब गेला असता, पण भडोच आणि नगर शिंद्यांच्या पदरात राहिले असते. तो गडी तसल्या चुका करणाऱ्यांतला नव्हता. त्याच तहात आणखी एक बारकावा आहे. लढाईच्या धामधुमीत ईस्ट इंडिया कंपनीने घेतलेले असीरगड, बऱ्हाणपूर, पावागड आणि दोहद शिंद्यांना परत मिळाले. घेतलेले वजा झाले, म्हणजे शिंद्यांच्या बाजूने अधिक झाले. वजा वजा अधिक, आणि तेही शाई-शिक्क्यानिशी.

ज्या मातीत हे घडले, त्याच मातीतल्या शाळांत आज बहुपदींची वजाबाकी शिकवली जाते आणि कंसाचे हाल होतात. फळ्यावर गणित असते: (५क्ष + ३) − (२क्ष − ४). निम्म्या वहीत उत्तर येते ३क्ष − १. वजा दारातून आत शिरला, पहिल्या पदाला भेटला आणि तिथेच चहाला थांबला; मागे बसलेल्या चारकडे तो फिरकलाच नाही. खरे उत्तर ३क्ष + ७.

"तीनातून चार गेले सर, वजा एक आला."

"कंसाबाहेर वजा आहे ना? मग आतल्या चारचं काय झालं?"

"त्याले तं पयलेचाच वजा हाय. त्याले आजून काऊन लावा?"

तर्क बिनतोड आहे. ज्याच्या डोक्यावर आधीच वजा आहे, त्याच्यावर दुसरा लादू नये, ही माणुसकी झाली. बीजगणितात मात्र दुसरा वजा लादला की पहिला उतरतो, आणि ही मेहरबानी करायची असते हेच पोराला कुणी पटवून दिलेले नसते.

हेच पोरगे बापाबरोबर बाजार समितीत गेले की वेगळेच दिसते. कपाशी मोजून झाली, हिशोबपट्टी हातात आली. समजा दर क्विंटलला ७,००० रुपये, हमाली-तोलाई मिळून क्विंटलमागे ३० रुपये. बापाने आधी ५,००० रुपये उचल घेतलेली आणि त्यातले ५०० मध्येच फेडलेले. माल क्ष क्विंटल धरला तर हातात येणारी रक्कम ७०००क्ष − (३०क्ष + ५००० − ५००). दहा क्विंटलला ६५,२०० रुपये. आता दिवाणजीने वहीतल्या पोरासारखाच कंस उघडला आणि फेडलेले पाचशेही कापून घेतले, तर हातात ६४,२०० येतात. पट्टी पुरती वाचायच्या आत बाप-लेक एकदमच बोलतात: हजार रुपये कमी लागले. चूक पाचशेची, फटका हजाराचा. चिन्ह चुकले की नुकसान नेहमी दुप्पट होते. वरच्या शाळेतल्या गणितातही चारचे चिन्ह चुकले आणि उत्तर आठाने हुकले. पण ते आठ कुणाच्याच खिशातले नव्हते.

अधिक-वजाचा जन्मसुद्धा पेढीवरचाच म्हणायचा. + आणि − ही चिन्हे छापील पुस्तकात पहिल्यांदा दिसतात ती १४८९ साली, लाइपझिगला निघालेल्या योहान्नेस विडमनच्या पुस्तकात. पुस्तक व्यापाऱ्यांच्या हिशोबाचे, आणि चिन्हे मालातली वाढ आणि तूट दाखवायला. फल, म्हणजे फंक्शन, दाखवायची आजची कंसातली खूण लिओनार्ड ऑयलरने १७३४ मध्ये वापरली, म्हणजे बाजारातून विद्यापीठात पोचायला या मंडळींना अडीचशे वर्षे लागली. तिथून ती शाळेत आली आणि बाजाराला ओळख देईनाशी झाली.

आपल्याकडेही तेच. भास्कराचार्य द्वितीय यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला, त्यातला एक भाग 'बीजगणित'. वऱ्हाडच्या शेजारी खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी अज्ञात राशींना नावे दिली ती यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी, पहिली सोडली तर सगळी रंगांची. लिहिताना नुसते पहिले अक्षर: या, का, नी, पी. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. त्यांचे एक उदाहरण आहे. एका माणसाजवळ ३०० रुपये आणि सहा घोडे. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज. दोघांची श्रीमंती सारखी, तर घोड्याची किंमत काय? ६क्ष + ३०० आणि १०क्ष − १०० ही दोन फले समोरासमोर ठेवून एकातून दुसरे वजा केले की ४क्ष बरोबर ४०० उरतात. घोडा शंभराला. कर्जाचा वजा पलीकडे जाऊन तीनशेत शंभराची भर घालतो. ज्याने कधी कर्ज फेडले आहे त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

त्याच ग्रंथात एक रोखठोक नियम आहे: सारख्या जातीच्या राशी मिळवाव्यात, वेगळ्या जातीच्या वेगळ्या ठेवाव्यात. अंजनगावच्या शिवारात तो रोज पाळला जातो. इथे संत्रा आहे, केळी आहे, पानमळे आहेत आणि औषधी पानपिंपरीही आहे. पानपिंपरीचे किलो आणि केळीचे क्विंटल मिळवून कुणी शेतकरी एक आकडा सांगत नाही. शाळेत मात्र २क्ष + ३ लिहिले की पेन्सिल आपोआप ५क्ष लिहून मोकळी होते. उत्तरात अधिकचे चिन्ह उरले की पोरांना गणित अर्धवट राहिल्यासारखे वाटते. काहीतरी एकच, गुटगुटीत असे उत्तर आले पाहिजे. २क्ष + ३ हेच उत्तर आहे, पुढे काही करायचे नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा जेवायला बोलावून नुसता चहा पाजल्यासारखा होतो.

आता फल ही काय चीज आहे, हे सांगायला अकरावीच्या पुस्तकाची गरज नाही. आजोबांना विचारावे. त्यांच्या शाळेत संध्याकाळच्या परवच्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हटली जायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आत एक संख्या घातली की बाहेर ठरलेली दुसरी संख्या येते. यालाच गणिती फल म्हणतात. पाढा हे फल आहे आणि आजोबांना अशी निदान सात अपूर्णांकी फले तोंडपाठ होती. सोळा आण्यांचा रुपया होता तोवर हे पाठांतर पोटापाण्याचे होते. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, वर्षा-दीड वर्षात वजनेही दशमान होऊ लागली, आणि औटकीची नोकरी गेली.

ती नोकरीवर होती तेव्हा फलांची बेरीज घराघरात चाले. पावकी अधिक निमकी बरोबर पाऊणकी. सवायकी अधिक पावकी बरोबर दिडकी: आठाला सवायकीचे दहा, पावकीचे दोन, दिडकीचे बारा. औटकी विसरली तर दिडकीचे बारा आणि दोनाच्या पाढ्याचे सोळा मिळवून अठ्ठावीस सांगता यायचे. दोन फलांची बेरीज म्हणजे एवढेच: दोघांना तीच संख्या द्यायची, दोघांची उत्तरे घ्यायची आणि मिळवायची. अट एकच, संख्या तीच हवी. एकाला आठ देऊन दुसऱ्याला नऊ दिले तर ती बेरीज होत नाही.

गुणाकाराला मात्र आजोबाही जरा थबकतील. निमकीला निमकीने गुणले तर काय? चटकन तोंडात येते पावकी. आठाची निमकी चार, चारची निमकी दोन; आठाची पावकी दोन, बरोबरच की. पण हा गुणाकार नव्हेच. एका फलाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडात घातले, त्याला फलांचे संयोजन म्हणतात. गुणाकार करायचा तर दोघांनाही आठ द्यायचे, चार आणि चार घ्यायचे आणि सोळा म्हणायचे. पाढ्याला पाढ्याने गुणल्यावर पाढा उरत नाही, वर्ग होतो.

संयोजनात क्रमही पाहावा लागतो. दिवाळीत हजार रुपयांच्या पॅन्टवर दहा टक्के सूट आणि शंभर रुपयांचे कूपन असे दोन्ही असले, तर आधी सूट घेऊन मग कूपन दिल्यास ८०० रुपये पडतात. आधी कूपन देऊन मग सूट घेतल्यास ८१०. गिऱ्हाईक हे तोंडी ओळखते. दुकानदार त्याच्याही आधी ओळखतो.

बेरजेच्या बाबतीत बीजगणित अंकगणितापेक्षा सोपे आहे, हे सांगितले तर वर्गात कुणाला खरे वाटत नाही. सत्तावीस आणि पस्तीस मिळवताना हातचा घ्यावा लागतो. २क्ष + ७ आणि ३क्ष + ५ मिळवताना हातचा नाही: ५क्ष + १२, झाले. क्षच्या जागी दहा ठेवून पाहिले तर पाच दाहे पन्नास अधिक बारा, बासष्ट. तेच उत्तर. आपली प्रत्येक संख्या ही दहाच्या भाषेतली बहुपदीच असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसऐवजी 'वीस सात' म्हणायचा पर्याय आला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर पोरांच्या सोयीची बाजू मांडत राहिल्या, आणि ज्यांनी दहावीनंतर गणिताचे तोंड पाहिले नव्हते तेही एकोणसाठ आणि एकोणसत्तरच्या रक्षणासाठी सरसावले. 'वीस सात' म्हणजे दोन दाहे अधिक सात, अगदी २क्ष + ७ सारखेच. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला बहुपदी वाचायला लावावी की नाही यावर राज्य हमरीतुमरीवर आले होते, फक्त ते तसे कुणी म्हटले नाही.

आता धुऱ्याकडे वळू. वऱ्हाडात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात आणि त्याच्यावरून होणारी भांडणे दोन-दोन पिढ्या चालतात. शेजाऱ्याने नांगरताना वितभर धुरा कोरला की मोजणी येते, मग तहसील, मग कोर्ट. अशा घरातले पोरगे (क्ष + ३) चा वर्ग क्षचा वर्ग अधिक ९ असा लिहून शांतपणे पान उलटते. क्षला दहा मीटर धरा. तेरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद प्लॉट, क्षेत्रफळ १६९ चौरस मीटर. पोराच्या हिशोबाने १०० अधिक ९, म्हणजे १०९. साठ चौरस मीटर जागा गेली कुठे? दहा बाय तीनच्या दोन पट्ट्या, एक उभी, एक आडवी, वहीत सोडून दिल्या. सूत्रातले मधले पद, दोन गुणिले क्ष गुणिले तीन, ते हेच. बापाने वितभर धुऱ्यासाठी वकील लावला आणि लेकाने शाईच्या एका फटक्यात साठ चौरस मीटर दान केले, तेही कुणी मागितले नसताना.

वाटणीतही असेच. पाच भाऊ, क्ष एकर एके ठिकाणी आणि पाच एकर दुसरीकडे. प्रत्येकाच्या वाट्याला (क्ष + ५) भागिले ५. वहीत वरचा पाच आणि खालचा पाच एका तिरक्या रेषेत उडतात आणि उरतो क्ष. क्ष दहा असेल तर एकूण जमीन पंधरा एकर आणि प्रत्येक भावाला दहा एकर. पाच जणांचे मिळून पन्नास. ही पस्तीस एकर वाढीव जमीन कोणत्याही तलाठ्याच्या सातबाऱ्यावर सापडणार नाही. छेदाने भागायचे ते अंशातल्या प्रत्येक पदाला: क्ष भागिले पाच, अधिक एक. प्रत्येकी तीन एकर. खऱ्या वाटणीत एका भावाने 'मी फक्त या तुकड्याला भागतो, तो तुकडा तसाच राहू द्या' म्हटले असते, तर बाकीच्या चौघांनी भागाकाराचा नियम त्याला तिथल्या तिथे शिकवला असता.

भागाकाराला आणखी एक पथ्य आहे. दिडकीला निमकीने भागा. आठाला बारा भागिले चार, तीन. शंभराला दीडशे भागिले पन्नास, तीन. कोणतीही संख्या घ्या, तीन. म्हणून 'दिडकी भागिले निमकी बरोबर तीन' असे लिहून टाकले, तर एक संख्या कोपऱ्यात बसून हसते: शून्य. शून्याची दिडकी शून्य, निमकी शून्य, आणि शून्य भागिले शून्य हे तीन नव्हे, काहीच नव्हे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे सांगून टाकले होते. पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटले आणि सांगितले, की तिच्यात काही मिळवा किंवा काढा, ती बदलत नाही, जशी सृष्टी निघाली वा सामावली तरी अनंत अच्युतात फरक पडत नाही. आजचा दहा रुपयांच्या पेनाशेजारी विकला जाणारा कॅल्क्युलेटर एवढी भक्ती दाखवत नाही. तो 'एरर' म्हणतो आणि मिटतो.

म्हणून दोन फलांवर कोणतीही क्रिया करण्याआधी दोघेही कुठे हजर आहेत ते पाहावे लागते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार तिथेच, जिथे दोन्ही फलांना अर्थ आहे; भागाकारात शिवाय छेद शून्य होतो ती ठिकाणेही वगळायची. कधी कधी हे समाईक क्षेत्र भलतेच आक्रसते. क्ष − २ चे वर्गमूळ दोन आणि त्यापुढेच चालते, २ − क्ष चे दोन आणि त्याअलीकडेच. दोघांची बेरीज फक्त दोनवर. वऱ्हाडच्या माणसाला हे शकुंतला रेल्वेवरून कळते. नॅरोगेजची एक शाखा अंजनगाववरून अचलपूरला, दुसरी यवतमाळला, आणि दोघी भेटायच्या त्या एकट्या मुर्तिजापूरला. बाकी कुठेही उभे राहून दोन्ही गाड्यांची वाट पाहणे हे व्याख्येतच बसत नव्हते. आता कोणत्याच शाखेवर गाडी धावत नाही, त्यामुळे तेही क्षेत्र रिक्त संच झाले आहे.

परीक्षेच्या आधी शिक्षक एक अखेरचा उपाय सांगतात: ताळा करा. उत्तर आले की क्षच्या जागी एखादी संख्या ठेवा, मूळ राशीत आणि उत्तरात. दोन्हीकडे तीच किंमत आली तर बरे, नाही आली तर कंस पुन्हा उघडा. पेढीवरचा दिवाणजीही पट्टी देण्याआधी हेच करतो. दहा मिनिटांनी मागच्या बाकावरून हात वर होतो. वहीत (क्ष + ३) चा वर्ग, समोर क्षचा वर्ग अधिक ९, आणि त्याखाली ठळक अक्षरात 'ताळा बरोबर'.

"क्षच्या जागी काय ठेवलंस रे?"

"शून्य, सर. शून्य ठेवलं का समदं जमते."